एका ओळीला एक शेंग

प्रिय धाकट्या,

आधी बातमी सांगते, म्हणजे तुझा जीव भांड्यात पडेल. विणकामाचं यंत्र चालवणारा तुझा प्रोग्रॅम पुन्हा चालू झाला. जुना कॉम्प्युटर गेला तो गेलाच, पण यंत्र परवापासून खडखडतंय. त्यामुळे ते दुरुस्त करायला म्हणून पुढच्या महिन्यात तू आठ दिवसांची सुट्टी काढली आहेस, तिची आता गरज उरली नाही. हे तुला कळवणं माझं कर्तव्य, म्हणून कळवलं.

नव्या कॉम्प्युटरला आपल्या यंत्राची वायर लावायला भोकच नाही. कोपऱ्यावरची कॉम्प्युटरवाली आली, तिने मध्ये एक डबी जोडून वायर बसवली आणि नव्याच्या पोटात जुन्या कॉम्प्युटरचं सोंग उभं केलं. तुझ्या प्रोग्रॅमला वाटतं, आपण अजून जुन्याच घरात आहोत. अठराव्या वर्षी लिहिलास ना, तुझ्यासारखाच भाबडा निघाला.

पण सोंग भलतंच चपळ. प्रत्येक ओळीनंतर यंत्राचा सुयांवरून फिरणारा गाडा परत येईपर्यंत थांबायचं, म्हणून तू प्रोग्रॅमला आकडे मोजायला बसवलं होतंस. जुना कॉम्प्युटर सावकाश मोजायचा. हे सोंग डोळ्याचं पातं लवायच्या आत मोजून मोकळं. गाडा अजून अर्ध्यात, आणि प्रोग्रॅमच्या मते स्वेटर विणून संपलेला. एका बाळाच्या स्वेटरवरच्या बदकांना पाय आले, शेपट्या आल्या, डोकी एकालाही नाहीत. शेजारणीला त्या चपला वाटल्या.

कॉम्प्युटरवालीने विचारलं, जुन्याचा वेग किती होता. आता मला काय डोंबल ठाऊक. मला एवढंच ठाऊक की बावीस वर्षं मी यंत्राजवळ बसून मटार सोलले आणि एका ओळीला बरोबर एक शेंग सोलून व्हायची. तिने पेन्सिल खाली ठेवली आणि मला मटार आणायला सांगितले. मग मी शेंगा घेऊन बसले आणि ती वेग कमी कमी करत गेली. एकदा इतका कमी केला की गाडा जागीच पेंगायला लागला. दोन किलो मटार संपत आले तेव्हा कुठे बदकांना डोकी आली. तेव्हापासून घरात दोन्ही वेळा मटारच चाललेत.

आता खरं सांगते, रागावू नकोस. काहीही बिघडलं की तुझा प्रोग्रॅम पडद्यावर एकच ओळ दाखवायचा, ‘धाकट्याला बोलवा’. पोरवयातला चावटपणा तुझा. पण तू लांब नोकरीला गेलास आणि त्या ओळीवाचून तुझं येणंच थांबलं. ती ओळ आली की मात्र यायचास. वायर खोचायचास, चार दिवस राहायचास, माझ्या चहाला नावं ठेवत तीन तीन कप प्यायचास. गेल्या दहा वर्षांत ती वायर सहा वेळा निघाली. एकदा आपोआप निघाली. पाच वेळा मी काढली.

नवी वायर स्क्रूने आवळून बसवलीय. काल स्क्रूड्रायव्हर घेऊन तिच्यासमोर उभी राहिले होते, मग या वयात शोभत नाही म्हणून परत खणात टाकला आणि कागद काढला. या खेपेला काही म्हणजे काही बिघडलेलं नाही, धाकट्या. यंत्र ठणठणीत आहे, मीही ठणठणीत आहे. फक्त तुझी फार आठवण येते. सुट्टी रद्द करू नकोस. ये.

तुझीच,
वायर काढणारी ताई