एक रायफल की दोन

प्रिय टेसा,

परवा फोनवर तू विचारलंस, माझ्याकडे ठेवलेली आईची रायफल विकू का, आणि मी म्हणालो, तुला बरं वाटेल तसं कर. फोन ठेवला आणि पुढ्यातलं जेवण संपवलं. शेजारच्या मार्जने आणून दिलेलं नूडल-चीज होतं. तुझी आई गेल्यापासून अख्खं गाव मला नूडलच खायला घालतंय. चव लागत नाही, पण पोट भरतं. झोपही लागते. पास्टर विचारतात, रडलास का रे ऑरिन? मी नाही म्हणतो, तर ते असं बघतात, जणू मी कर चुकवलाय. इथे डोंगरावर बर्फ दिसायला लागलंय. एल्क हरणांची शिकार महिन्यावर आली.

म्हणून मी गॅरेजमध्ये काडतुसं भरायला बसलो. आमची रीत तू लहानपणापासून पाहिली आहेस. उडवलेल्या काडतुसाची पितळी पुंगळी फुगते, ती डायमध्ये, म्हणजे पोलादी साच्यात, दाबून पुन्हा मापात आणायची, मग दारू, मग गोळी. आई माझ्या डावीकडे. ती पुंगळी पुसायची, तिला वंगण लावायची आणि माझ्या हातात ठेवायची. मी प्रेसमध्ये बसवून दांडा ओढायचो. इतकी वर्षं मी डावीकडे मान वळवून पाहिलंच नव्हतं. हात पुढे केला की पुंगळी हातात. या वेळी त्या जागी पुंगळ्यांची ताटली ठेवली होती. हात गेला, पुंगळी आली, मी दांडा ओढला. वंगण लावायचं राहिलं हे डोक्यातच आलं नाही, कारण ते माझं काम कधी नव्हतंच. कोरडी पुंगळी डायमध्ये अशी घट्ट बसली की दांडा परत ओढताना तिचा काठच तुटून आला. शिकाऊ पोराला पहिल्या दिवशी बजावतात ती चूक या वयात मी केली. हातोडी घेऊन काढायला गेलो, तर डायलाच आतून चरे पडले. एरवी मी शिव्यांची लाखोली वाहिली असती. आता दुष्काळात तेरावा महिना म्हणण्याएवढीही चीड आली नाही. दिवा बंद केला आणि घरात आलो.

शनिवारी हार्लनच्या बंदुकांच्या दुकानात नवी डाय घ्यायला गेलो. डाय मागितली की तो सगळ्यांना जे विचारतो तेच त्याने मला विचारलं: “एका रायफलीसाठी हवी, की दोन?” विचारलं आणि त्याचे कान लाल झाले. “बोलून चुकलो, ऑरिन. सवयीने गेलं तोंडातून.” मी म्हटलं, “बोल रे तू, तुझं कामच आहे ते.” मग त्याने दोन्ही प्रकार काउंटरवर मांडले. एक डाय पुंगळीची फक्त मान, गोळी बसते तेवढा भाग, आवळते. अंग तसंच राहतं, ज्या रायफलीत फुगलं तिच्याच मापाचं, म्हणून ती पुंगळी तिलाच नीट बसते, दुसरीत अडेल. दुसरी डाय अख्खी पुंगळी दाबते, मग ती त्या मापाच्या कुठल्याही रायफलीत जाते. “आता तू एकटाच भरणार आणि एकटाच झाडणार,” हार्लन खाली बघत म्हणाला, “तर मानेचीच घे. पुंगळ्या जास्त टिकतील, नेमही सुधारेल.” मागे उभा असलेला बड म्हणाला, “ऑरिनचा नेम सुधारायला डाय नाही, चष्मा लागतो.” सगळे हसले. मीही हसलो. आपण हसतोय हे मला बाहेरून ऐकू येत होतं.

खरं म्हणजे मला ती मानेची डाय कायम हवी होती. लग्नानंतरची आमची पहिली कडाक्याची भांडणं त्याच्यावरूनच झाली. मी म्हणायचो, व्हर्ना, तुझी काडतुसं वेगळी, माझी वेगळी, दोघांचाही नेम सुधारेल. ती म्हणायची, “आणि वर डोंगरात माझी संपली तर? तुझ्या खिशातली मला काय कानात घालायला? ते काही नाही. माझ्या घरात एकच डबा राहील.” तिच्या नेमाला सुधारणेची गरज नव्हती, हेही ती वर ऐकवायची. तर आमचा एकच डबा राहिला. ओढ्यापलीकडचा तो मोठा एल्क तिने माझ्या खिशातल्या काडतुसावर मारला, आणि त्यानंतर वर्षभर मला बोलायची सोय उरली नाही. आता अडवणारं कुणी नाही. हवी ती डाय घ्यायला मी मोकळा होतो.

हार्लनने मानेची डाय डब्यात घातली. मी म्हटलं, “दोन.” त्याला ऐकू गेलं नाही, म्हणून पुन्हा म्हटलं, “दोन रायफली आहेत, हार्लन.” त्याने डबा बदलला.

डाय आता प्रेसवर चढवली आहे, पण ती किती खाली बसवायची हे ठरत नाही. पुंगळी दाबायची, रायफलीत घालायची आणि मागचा बोल्ट, म्हणजे खिट्टी, बंद होतो का ते पाहायचं, हा एकच उपाय आहे. माझ्या रायफलीत होतो. पण आईच्या रायफलीचं माप किंचित तंग आहे. तिच्यात बसेल ते माझ्या रायफलीत बसतंच, माझ्या रायफलीत बसेल ते तिच्यात बसेलच असं नाही. तेव्हा रायफल विकू नकोस. कुरियरनेही पाठवू नकोस, तूच घेऊन ये. शिकारीला जायची सक्ती नाही, हवं तर दिवसभर झोपून राहा. हे सगळं फोनवरच सांगणार होतो, पण फोनवर माझ्या तोंडून पुन्हा तेच आलं असतं, तुला बरं वाटेल तसं कर. मला इथे एकट्याला काहीच वाटत नाही, टेसा. तिची खुर्ची पाहूनही नाही, तिचा कोट पाहूनही नाही. त्याची मला फार भीती वाटते. तू घरी ये.

तुझाच,
बाबा