धुऱ्यावरची हजेरी

२० सप्टेंबर २०१८, गुरुवार. आर्णी तालुक्यातला एक तांडा.

सकाळी नऊ वाजून बावीस मिनिटांनी एसटीतून उतरलो. गाडीला सत्तावीस मिनिटे उशीर झाला होता. कंडक्टरला तसे सांगितले तर तो हसला. हसू दे. आज मन प्रसन्न आहे.

पंचवीस वर्षे पुसदला लोकांची घड्याळे दुरुस्त केली. मोबाइल आले तशी लोकांनी घड्याळे काढून ठेवली आणि वेळ पाळणेही सोडले. दहावी नापास माणूस शब्दकोश उघडून इंग्रजी शिकतो, घड्याळाच्याच भिंगाखाली किडे ओळखायला शिकतो, आणि शेवटी पुण्याची पर्यावरण संस्था त्याला क्षेत्र मार्गदर्शक म्हणून बोलावून घेते. याची नोंद कुठेतरी राहिली पाहिजे. म्हणून ही वही.

काम असे: हॉलंडच्या विद्यापीठातली आनेके नावाची विद्यार्थिनी तीन महिन्यांसाठी स्वयंसेवक म्हणून आली आहे. इथल्या लखीरामच्या चार एकर पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीत, यंदा फवारणी नाही. त्यात मित्रकीटक किती टिकतात ते मोजायचे. मागच्या वर्षी जिल्ह्यात फवारताना माणसे गेली, तेव्हापासून शहरातल्या लोकांना आमच्या किड्यांची फार काळजी लागली आहे. मुलीच्या सुरक्षिततेच्या कागदावर मार्गदर्शक म्हणून माझी सही आहे. पूर्ण नाव, देवराव, वडिलांच्या नावासकट.

मुलगी दर अर्ध्या तासाला तोंडाला पांढरे मलम फासते आणि चहा देणाऱ्या प्रत्येकाला दोनदा धन्यवाद म्हणते. ती माझ्या आधीच लखीरामच्या घरी उतरली आहे. त्याची आई बिजलीबाई, तिला ती दुसऱ्याच दिवशी 'याडी' म्हणजे आई म्हणू लागली. विद्यापीठात बहुधा हेच शिकवतात.

२१ सप्टेंबर, शुक्रवार.

शेत पाहिले. यंदा पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली आहे. माझी उंची पाच फूट सहा इंच. हात वर केला तरी शेंडा लागत नाही. दोन हातांवरचा माणूस दिसत नाही. मी, लखीराम, त्याची भावजय पुष्पा आणि आनेके, असे चौघे ओळी वाटून घेतो आणि वीस झाडांआड एक झाड तपासतो. लखीरामला ढालकिडा आणि मावा यातला फरक तीनदा सांगितला. तो म्हणाला, "घडीवाले भाऊ, तुमच्या घडीत किती वाजले ते पाहा, माह्या पोटात तं एक वाजला." त्यावर पुष्पा हसली. अशा लोकांकडून विज्ञान करून घ्यायचे आहे.

एक वेडगळ प्रकार नोंदवतो. काम संपले की बिजलीबाई धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उभी राहते आणि एकेकाचे नाव घेते. आतून ज्याने त्याने ओ द्यायची. सगळे बाहेर आले की ती आणखी एक नाव घेते: शाम. मग सगळे गप्प. कोणी खोकतसुद्धा नाही. बराच वेळ काही ऐकू आले नाही की मगच घरी निघायचे. मी घड्याळ लावले. चार मिनिटे दहा सेकंद वाया.

२३ सप्टेंबर, रविवार.

पुष्पाला विचारले. शाम तिचा नवरा, बिजलीबाईचा धाकटा. मागच्या वर्षी याच शेतात एकटा फवारत होता. पऱ्हाटी अशीच उंच. चक्कर येऊन पडला. लोक धुऱ्यावरून हाका मारून गेले. त्याच्या घशातून आवाज निघाला नसेल. दुसऱ्या दिवशी सापडला.

मी म्हटले, वाईट झाले, पण मेलेल्याला रोज हाक कायले? ती म्हणाली, "नाव नाही घेतलं तं त्याले वाटते आपल्याले इसरले. मंग तो दुसऱ्याच्या नावानं ओ देते, अन् दुसऱ्याच्या जागी घरी येते." हे ती दळण आणायला सांगावे तितक्या सहज बोलली. आनेके बाजूला बसून हे सगळे वहीत उतरवत होती, डोळ्यांत पाणी आणून. म्हटले, किडे मोज बाई.

२५ सप्टेंबर, मंगळवार.

आर्णीहून चार शिट्ट्या आणल्या. नवा नियम लिहून लखीरामच्या दारावर डकवला. ओळ संपली आणि काम संपले की शिट्टी वाजवायची: लखीराम एक, पुष्पा दोन, आनेके तीन, मी चार. तोंडाने दिलेली ओ धरली जाणार नाही, शिट्टीच धरली जाईल. नावे घेणे बंद; शेवटचे नाव तर बंदच. संस्थेच्या करारात मार्गदर्शकाच्या सूचना पाळायच्या असे कलम आहे, ते वाचून दाखवले.

बिजलीबाई लखीरामला म्हणाली, "ह्या माणसाले कोनी कधी हाक मारली नसन." आनेकेने तोडक्या मराठीत माझी समजूत घालायचा प्रयत्न केला. मी तिला इंग्रजीत उत्तर दिले, तेही व्याकरणशुद्ध.

हजेरीला आज एकूण बावीस सेकंद लागले.

२७ सप्टेंबर, गुरुवार.

चार वाजून पाच मिनिटांनी एक, दोन, तीन आणि मी चार. मग मधल्या ओळींतून पाच.

चौघेही धुऱ्यावर उभे. शिट्ट्या गोळा करून मोजल्या, चारच. लखीरामचा चेहरा पडला. पाचवी शिट्टी त्यानेच कुठून तरी आणून कोण्या पोराला आत बसवले, हे उघड आहे. तसे बोललो. तो म्हणाला, "भाऊ, तांड्यावरचं एकबी पोरगं ह्या वावरात पाय नाही टाकत." असल्या लोकांना खोटेही धड बोलता येत नाही.

३० सप्टेंबर, रविवार.

आज पाच नव्हते. आज तीन दोनदा वाजले. एकदा उजवीकडून, एकदा मधून.

आनेके म्हणते तिने एकदाच वाजवली. मुलगी पांढरी पडली होती, मलमाशिवाय. हात जोडून म्हणाली, नावे परत सुरू करा. मी म्हटले, संस्थेच्या अहवालात भुताचा रकाना नाही. हे वाक्य मला आवडले. इंग्रजीतही लिहून ठेवले आहे.

माघारी फिरताना बिजलीबाई नाव घेऊ लागली, तेव्हा मी मुद्दाम जोरात शिट्टी वाजवत राहिलो. ती थांबली.

२ ऑक्टोबर, मंगळवार.

शेतात फवारणीचा वास. भोवतालच्या शेतांत कोणी फवारत नव्हते. स्वतः फिरून पाहिले. वारा नव्हता.

आनेके ओळीच्या मध्यात ओकत बसलेली सापडली. डोळ्यांच्या बाहुल्या मोहरीएवढ्या. आर्णीला नेले. डॉक्टरांनी विचारले, कोणती फवारणी करत होतात. म्हटले, एकही नाही. त्यांनी माझ्याकडे असे पाहिले जसा मी लोकांकडे पाहतो.

लखीराम जीपमध्ये एवढेच म्हणाला, "शामचेबी डोये असेच झाल्ते."

४ ऑक्टोबर, गुरुवार.

मुलगी परत आली. संस्था घरी जा म्हणते, ती ऐकत नाही. सगळ्या नोंदी पूर्ण करायच्या आहेत म्हणे. मूर्ख. पण चिकाटी आहे, हे लिहायला हवे.

मला अक्षरे पुसट दिसतात. भिंग तीनदा पुसले. तोंडाला सारखे पाणी सुटते. जागा बदलल्यामुळे असेल.

आज दोनदा चार वाजले. दुसरे चार माझ्यापेक्षा चांगले. सारख्या अंतराने. मी तसे वाजवायला हवे होते.

५ ऑक्टोबर, शुक्रवार.

पुष्पा आत जायला तयार नाही. लखीरामही. म्हटले, जाऊ नका, विज्ञान तुमच्यासाठी थांबणार नाही. दारावरचा कागद कोणी फाडलेला नाही. फाडला असता तरी चालले असते. हे का लिहिले

नावे सुरू करा, एवढे तीन शब्द म्हणायचे आहेत. लखीरामसमोर म्हणायचे. नाही जमले.

६ ऑक्टोबर, शनिवार.

३:४०. आनेके एकटीच आत गेली. मला न विचारता. बाकीचे सगळे धुऱ्यावर.

३:५५. तीन शिट्ट्या. मग तीन, दुसरीकडून. मग तीन. ती त्या आवाजाकडे चालली आहे. मी ओरडलो. उत्तर म्हणून तीन शिट्ट्याच. माझाच नियम.

कागदावर माझी सही आहे. जातो. वही बरोबर. नोंद हवी.

४:१० — मधली ओळ. वास फार. घड्याळाचे काटे दिसत नाहीत, अंदाजाने लिहितो. अंदाजाने! मी!

तिची वही खाली पडली आहे. ती नाही.

धुऱ्यावरून बिजलीबाईचा आवाज. नाव घेते आहे. शिट्टी नाही, नाव. आनेके. आनेके. म्हातारीचा आवाज अजून केवढा —

"ओ याडी! हाव, हाव, इथं!" आनेकेच. रडते आहे. चालते आहे. धुऱ्यावर पोचली — पुष्पा म्हणते आहे, "आली वं माय, आली."

बरे झाले. मुलगी बाहेर. नोंद: मुलगी सुखरूप, वेळ अंदाजे ४:२०.

आता माझे. बिजलीबाईच. "देवराव भाऊ! ओ देवराव भाऊ!" पंचवीस वर्षांत असे कोणी —

ओ दिली. आवाज नाही. घसा भरला आहे. पुन्हा. लाळ. नुसती लाळ. शिट्टी फुंकली, आत पाणी. वाजत नाही.

चार शिट्ट्या. पुढून, धुऱ्याजवळून. सारख्या अंतराने.

मी नाही. मी नाही —

लखीराम: "ऐकली ना चार? आला तो. तोंडानं ओ नाही देत, साहेब माणूस हाय. चाला." बिजलीबाई म्हणते थांबा. म्हणते, आवाज पाह्यजे, तोंडाचा आवाज.

दोन ओळींच्या फटीतून धुरा दिसतो. धूसर. कोणी तरी धुऱ्यावर चढतो आहे. माझा सदरा. माझी चाल. पुष्पा त्याला पाणी देते आहे. ती त्याच्याकडे बघून — घाबरली का — नाही. ओळखून

आनेके त्याला धन्यवाद म्हणाली. दोनदा.

बिजलीबाई एकटीच अजून शेताकडे तोंड करून उभी. आज ती शेवटचे नावही घेणार. कोणी अडवत नाही. अडवणारा —

"शाम!"

सगळे गप्प. मीही गप्प राहणार. मी देवराव. दहावी नापास. पुसद. मी काही बोलणार ना

घसा मोकळा झाला. आवाज येतो आहे. थांबवता येत नाही. मी ओ दे