पाणीवालीचं कार्ड

रविवार, ८ जून २००३
निरगुडसर

डोळ्यांसमोर अजून कार्डावरच्या पाणीवालीचा निळा घडाच आहे. आमच्या कार्डांच्या खेळात पाणीवाली स्वतः लढत नाही, पण शेजारच्या कार्डाची ताकद दुप्पट करते. दादा नेहमी म्हणतो, "दिऊन टाक कुनाला तरी. लढत न्हाई, मग काय कामाची?"

खरंच, काय कामाची?

माझी मैत्रीण सुमी उद्या मंचरच्या हॉस्टेलला चाललीय. आज ओट्यावर आमचा शेवटचा डाव झाला. जिंकेल तिनं दुसरीचं एक कार्ड घ्यायचं. सुमीनं पंखांचा वाघ टाकला. माझ्याकडं लढायला नुसता बेडूक उरला होता. त्याच्या शेजारी मी पाणीवाली ठेवली, आणि बेडकानं चक्क वाघाला हरवलं! ऊन उतरत होतं. आपला ओटा उसाच्या शेतावरून हळूहळू तरंगत चाललाय, असं काहीतरी वाटत राहिलं.

सुमीनं वाघ माझ्या हातात दिला आणि त्या निळ्या घड्यावरून बोट फिरवत बसली. मग म्हणाली, "तिथं माझ्या वळखीचं कुनीच न्हाई गं."

मी पाणीवाली उचलून तिच्या ओंजळीत ठेवली.

"येडी का काय तू?" दादा ओरडला.

असेन. पण सुमी हसली, आज दिवसभरात पहिल्यांदाच.