हात मोकळे झाल्यावर

अण्णा, मी एक गेम तयार केला आहे. तुम्ही असताना आपल्या घरात बटणांचा फोन होता आणि त्यातल्या सापाला तुम्ही ‘बिनकामाचा साप’ म्हणायचात, म्हणून हे काय आहे ते आधी सांगते. यात मारामारी नाही, पळापळ नाही. फोनवर एक चित्र दिसतं, खाली चौकटीत कुणीतरी बोलतं, बोट लावलं की पुढचं वाक्य येतं. मध्येच दोन-तीन उत्तरं समोर येतात. त्यातलं एक आपण निवडायचं, मग गोष्ट त्या वाटेनं जाते. म्हणजे वाचायचंच, पण आपल्याला विचारत विचारत. चित्रं माझी, गोष्टही माझी. तेरखेड्यातली एक फटाक्यांची शेड, तिथं दारू भरणारा एक माणूस आणि त्याची बारावीतली मुलगी. तो माणूस कोण ते तुम्ही ओळखलंच असेल. मिशा जरा जास्त झुपकेदार झाल्यात, रागावू नका.

पोटापाण्याला मी आपल्या तालुक्याच्या वाशीत फ्लेक्सच्या दुकानात डिझाइन करते. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर तालुक्यातल्या निम्म्या पोरांच्या डोळ्यांवर गॉगल मीच चढवलाय. गेमचं काम दुकान उघडायच्या आधी चालायचं. त्याची आतली यंत्रणा लिहायला येडशीचा एक मित्र होता. सुरुवातीला आम्ही हवेतच होतो. मग त्याला पुण्यात नोकरी लागली आणि काम रविवारवर आलं, रविवारही कधी यायचा, कधी नाही. माझा कॉम्प्युटर बंद पडला त्यात शेडची सगळी चित्रं गेली. रडले, आणि मग पुन्हा काढायची म्हणून शेडच्या बाहेर बसून नीट बघितलं, तर आधीची चित्रं किती खोटी होती ते कळलं. उजेड दारातून आत येतो आणि जमिनीवरच थांबतो, भिंतीपर्यंत जात नाही, हे मला कुठं माहीत होतं? अर्धा गेम आम्ही इंटरनेटवर फुकट ठेवला तेव्हा कुणा अनोळखी माणसानं त्या उजेडाचं कौतुक केलं. दुसऱ्यानं लिहिलं, ‘बाप फारच कमी बोलतो, कंटाळा येतो.’ मला आधी हसू आलं, मग वाईट वाटलं. जेवताना तुमच्या गप्पांपायी आमटी गार व्हायची, हे त्याला कसं कळणार? पण चूक त्याची नव्हती. गेममध्ये मी तुम्हाला गप्पच ठेवलं होतं.

कारण मला ती दुपार आठवत होती. आम्हा पोरांना तुम्ही शेडजवळ फिरकू द्यायचा नाहीत. त्या दिवशी मात्र मी पुण्याच्या चित्रकलेच्या कॉलेजचं पत्रक घेऊन थेट तिथं आले. तुम्ही पाठमोरे बसला आहात, हात चालू आहेत. मी बाहेरूनच विचारते, ‘‘अण्णा, पुण्याला जाऊ का शिकायला? चित्रकला?’’ तुम्ही मान वळवत नाही. ‘हूं’ नाही की ‘चूं’ नाही. मी थोडा वेळ उभी राहते आणि तरातरा निघून थेट मामाच्या गावी जाते. परत आले तेव्हा दिवाळीचा सीझन तोंडावर आला होता. तो विषय तुम्ही काढला नाहीत, मी काढला नाही. पुढच्या वर्षी तुम्ही गेलात. मी बी.कॉम. केलं आणि तुमचं ‘नाही’ मनात धरून बसले. गेममधली मुलगीही तशीच निघून जायची.

मग एक गंमत झाली. उत्तर निवडायला आम्ही वेळ ठेवला होता. चौकटीवर एक रेघ झरझर आखूड होत जाते, ती संपायच्या आत बोट लावायचं. पुण्यातल्या मित्राच्या मित्रांना हे फार आवडलं. तेरखेड्यात मी तुमच्या शेडमधल्या काकूंना गेम खेळायला दिला. त्या गवार मोडत एका बोटानं वाचत होत्या. प्रश्न आला की काकू ताट बाजूला सरकवायच्या, पदराला हात पुसायच्या आणि मग फोन उचलायच्या. तोवर रेघ संपलेली, आणि गेम सांगायचा, ‘ती काहीच बोलली नाही.’

‘‘म्या कुठं गप ऱ्हायले?’’ काकू चिडल्या. ‘‘हात तर मोकळा करू दे की.’’

मी शेडमधल्याच दुसऱ्या दोघींना दिला. त्यांचंही तेच. मी विचारलं, तर काकू म्हणाल्या, ‘‘अगं, शेडमधी हाक आली तर हातातलं खाली ठेवल्याबिगर ओ द्यायची न्हाय. दारूचं काम, मान बी वळवायची न्हाय. तुझ्या अण्णानंच शिकवलंय आमाला.’’

त्या दुपारी तुमचे हात चालूच होते. घरी येऊन मित्राला फोन केला, रेघ काढून टाक म्हटलं. ‘‘मग मजा काय राहिली?’’ तो म्हणाला. पण काढली. आणि त्या दुपारचा प्रसंग मी नव्यानं केला. आता खेळणाऱ्यानं काहीच न करता थांबलं, की गेममधला बाप हातातलं सावकाश खाली ठेवतो, बाहेर येतो, हात धुतो, मुलीसमोर बसतो. त्यानंतरची चौकट मात्र रिकामी. तुम्ही काय म्हणाला असतात? ‘जा’? ‘नको’? मी दोन्ही लिहून पाहिलं. दोन्हीत तुमचा आवाज नव्हता. सगळा गेम त्या चौकटीपाशी अडून बसला.

शेवटी आईला खेळायला दिला. ती त्या प्रसंगात काही न करता बघत बसली. तुम्ही हात धुतलेत, बसलात. रिकामी चौकट बघून ती म्हणाली, ‘‘हितं ते बोलले होते की. तू गेल्यावर घरी आले, ‘पोरगी कुठंय’ म्हणले. मामाकडं गेली म्हणलं. मग मला इचारलं, ‘तिथं काय शिकवत्यात?’’’

‘‘मग तू काय सांगितलंस?’’

‘‘मला काय ठाऊक? म्हणलं, पोरीलाच इचारा. मग सीझन आला आन् ऱ्हाऊनच गेलं.’’

‘‘आई, हे मला कधीच का नाही सांगितलंस?’’

‘‘तू कधी इचारलंस?’’

अण्णा, मी खूप रडले. ‘नाही’ नव्हतं ते. तुम्हाला फक्त जाणून घ्यायचं होतं.

आता गेममध्ये तुम्ही तेच विचारता, आणि गेल्या आठवड्यात तो आम्ही सगळ्यांसाठी खुला केला. थोडे लोक खेळतात, त्यातले फार थोडे त्या प्रसंगात थांबतात. हे पत्र कुठं पाठवायचं नाही, म्हणून एक सांगून टाकते. तिथं काय शिकवतात ते त्या दुपारी मलाही माहीत नव्हतं. पत्रकावरचं चित्र तेवढं आवडलं होतं. गेममधली मुलगी हे खरं सांगून टाकते, ‘‘मला बी न्हाय ठाऊक, अण्णा.’’ आणि तुम्ही हसता. ते हसू मात्र मी माझ्या पदरचं घातलंय.