मनाला आय-एन-जी लागत नाही

३ तारीख, सोमवार, सकाळ
फ्रेमा पुसायला माझा जन्म झालेला नाही. चष्म्याच्या दुकानात काउंटरवर राहून राहून मीच काचेचा व्हायचो. नवीन शाखेला मॅनेजर हवाय. मुलाखत शुक्रवारी चौदाला, मोठ्या मॅडम घेणार, इंग्रजीत. आजपासून रोज अभ्यास. निश्चय पक्का.

संध्याकाळ
निश्चय करूनच दमलो. उद्या.

५ तारीख
इंग्रजीच्या क्लासच्या सरांनी मनाची क्रियापदं घेतली. नो म्हणजे माहीत असणं, बिलीव्ह, अंडरस्टँड, रिमेम्बर, फर्गेट. ही आतल्या आत होतात, म्हणून यांना सहसा आय-एन-जी लावायचा नाही. समजलं का, म्हणाले. मी लगेच, यस सर, आय अ‍ॅम अंडरस्टँडिंग. वर्ग हसला. माझ्यामुळे वातावरण मोकळं झालं. सरांनाही बरं वाटलं असणार. डोकं धरून बसले होते.

७ तारीख
थिंकचं वेगळं आहे. मत सांगायचं असेल तर आय-एन-जी नाही, पण विचार चालू असेल तर चालतो. हे माझं क्रियापद!
ताई राहायला आलीय, आईच्या ऑपरेशनसाठी. नळ गळतोय, बघ जरा, म्हणाली. आय अ‍ॅम थिंकिंग, म्हणालो. तुझं थिंकिंग आटपलं की पाना घे हातात, विचारवंता, म्हणाली. तिचं ग्रामर कच्चं.

९ तारीख, रविवार
आईच्या डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू गुरुवारी काढणार. सकाळी ताई नेऊन सोडेल आणि ड्यूटीवर जाईल. चार वाजता मी घरी आणायचं. जमणार नसेल तर आत्ताच सांग, मी रजा टाकते, असं ताईने तीनदा ऐकवलं. मी चिडलो. चष्म्याच्या लाइनमधला माणूस आईचा डोळा विसरेल? आई म्हणाली, तो येईल गं, मला माहीत आहे.
माहीत आहे. नो. आय-एन-जी नाही. आईला उपजतच येतं.

१३ तारीख, गुरुवार, दुपार
सुट्टी घेतली. आज फक्त रिमेम्बर. मोठा शोध लागलाय. मराठीत 'मला आठवतं'. आठवण आपली आपण येते, आपण नुसतं बसायचं. इंग्रजीत 'आय रिमेम्बर'. म्हणजे ते काम आपल्यालाच करावं लागतं. वाक्यं पाडतोय. आय रिमेम्बर माय स्कूल. आय रिमेम्बर माय मदर. हे फार सुंदर झालं. फोन सायलेंट. एकाग्रता म्हणजे एकाग्रता.

गुरुवार, नंतर
ताईचे अकरा मिस्ड कॉल.
शेवटी नर्सने ताईला ड्यूटीवरून बोलावून घेतलं. आईची खाट दुसऱ्या पेशंटला दिली होती. आई बाहेर बाकावर, डोळ्यावर पट्टी, मांडीवर पिशवी. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होती, माझा मुलगा येतोय.
येतोय. याला आय-एन-जी लागतो.
दोघी घरी आल्या तेव्हा मी म्हणालो, अगं ताई, मला आठवलंच नाही. ताई चपला काढता काढता म्हणाली, 'मला आठवलं नाही' नाही. 'मी विसरलो' म्हण.
मघापासून बघतोय. आठवण 'मला' येते. पण 'मला विसरलं' असं कोणी म्हणत नाही. मी विसरलो. मीच.
जेवलो नाही. कोणी आग्रह केला नाही.

१४ तारीख
मॅडमनी इंग्रजीत विचारलं, शाखेची जबाबदारी काय असते, समजतं ना? तोंडातून गेलं, आय अ‍ॅम अंडरस्टँडिंग. त्या हसून मराठीत म्हणाल्या, म्हणजे अजून चालूच आहे?
बाहेर पडेपर्यंत पुढच्या उमेदवाराला चहा दिला होता. शाखा त्याची.
घरी आलो. औषधाच्या थेंबांचा अलार्म ताईने स्वतःच्या फोनमध्ये लावलाय. माझा फोन शेजारीच होता.
आईने विचारलं, काय म्हणाल्या रे? मी सांगितलं, त्यांचा विचार चालू आहे. आई म्हणाली, होईल तुझं, मला माहीत आहे. आणि उघड्या डोळ्याने माझ्याकडे बघत राहिली.
मी उठून पट्टीच्या बाजूला जाऊन बसलो.