वारंगा फाट्यावरचा माझा अर्धा गाळा, मधली भिंत आणि तिचे भोक

मी, प्रेमदास रतनसिंग आडे, ज्याला सगळे पेमा म्हणतात, वय अठ्ठावीस, लग्न न झालेला, धंदा हिंडणे आणि प्रदर्शने भरवणे, राहणार वारंगा फाट्यामागचा तांडा, ता. कळमनुरी, जि. हिंगोली, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो. डोके जागेवर आहे. कोणी धमकावलेले नाही. धमकावले असते तर यापेक्षा जोरात लिहिले असते. अक्षर वाकडे आहे, ते शाळेपासूनच वाकडे आहे. त्यावरून कोर्टात कोणी काही सिद्ध करायला जाऊ नये.

आत्ताच काहून, असे विचाराल तर कारणे दोन. येत्या मंगळवारी नांदेडच्या दवाखान्यात माझ्या काळजाची एक झडप बदलणार आहेत. डॉक्टर म्हणाले, बहुतेक लोक चालत घरी जातात. पण मी आजवर 'बहुतेक लोकां'त कधी बसलेलो नाही. दुसरे कारण माझा सख्खा थोरला भाऊ रामसिंग, यापुढे 'भिया', कारण आम्ही भावाला तेच म्हणतो. गेल्या आठवड्यात तो सिमेंटच्या एजंटाला सांगत होता, "पेम्याचं काई कमीजास्त झालं तर मधली भिंत पाडायची अन् सलग गोडाऊन करायचं." हे मी भिंतीच्या अलीकडून ऐकले. भिंतीला भोक आहे. त्याचे पुढे येईल.

आई-बाप गेले, बायको-लेकरू नाही. म्हणजे मी गेलो तर माझा हिस्सा आपोआप भियाकडे जातो, असे कळमनुरीचे वकीलसाहेब म्हणाले. लिहून ठेवले तर जात नाही, असेही तेच म्हणाले. म्हणून लिहून राहिलो. त्यांनी एका पानात आटपायला सांगितले आहे.

कलम १. माझा अर्धा गाळा. वारंगा फाट्यावर रोडला तोंड करून आमच्या बापाचे टायरचे दुकान होते. बाप गेल्यावर गाळा दोघांचा झाला. भियाला तिथे सिमेंट आणि पाइप विकायचे होते. मला काय करायचे होते ते कोणी विचारले नाही, कारण मी तेव्हा नेपाळात होतो.

नेपाळात कसा, ते थोडक्यात. बारावी दोनदा दिली, दोन्ही वेळा इंग्रजीने अडवले. मग वसमतहून हळदीचा ट्रक निघाला होता त्यात बसलो. नागपूरला उतरायचे होते. ड्रायव्हर बोलका निघाला, नागपूर गेले, पुढचेही गेले, सिलिगुडीला गाडी रिकामी झाली. तिथून पुढे एक पूल होता, लोक पिशव्या घेऊन चालत पलीकडे जात होते, मीपण गेलो. पलीकडे नेपाळ निघाला. पाटण गावात डोल्मा तामांग नावाच्या बाईची तीन खोल्यांची गॅलरी होती, तिथे भिंतींना पांढरा रंग मारायचे आणि खिळे ठोकायचे काम मिळाले. तिथे एका पाहुण्या प्रदर्शनात काचेच्या पेटीत कांचळी आली, आमच्या बायकांची आरसे लावलेली चोळी. खाली पाटी: कारागीर अज्ञात. मी डोल्मादीदीला म्हटले, अज्ञात काहून? अशीच कांचळी माझ्या याडीने, म्हणजे आईने शिवली, तिला तर नाव आहे. ती रोज रोज माझे ऐकून कावली होती. म्हणाली, "तो जाओ, अपनी गैलरी खोलो, नाम लिखो." तिने चिडून म्हटले. मी खरे धरले.

परत आलो आणि बापाच्या गाळ्यात 'मुक्काम' गॅलरी सुरू केली. नियम एकच: नावाशिवाय पाटी नाही. पहिल्या प्रदर्शनात डोल्मादीदीची विणलेली कापडे आणि शेजारी याडीची कांचळी. पाटीवर 'अनुसयाबाई रतनसिंग आडे, कलाकार'. याडी तेव्हा हयात होती. वाचता येत नव्हते, पण पाटीवरून बोट फिरवून म्हणाली, "एवढं लांब नाव हाय माझं?"

सीमेपलीकडची चित्रे या फाट्यावर कशाला, असे विचारणारे पुष्कळ आहेत. त्यांना सांगतो. आमचे वाडवडील बैलांच्या पाठीवर मीठ लादून मुलुखामागून मुलूख ओलांडत होते. आपली हद्द त्यांच्या मागून कोणीतरी आखली. मी काही नवीन करून राहिलो नाही. आणि बघायला कोण येणार, हा प्रश्नही बाद आहे. ट्रक थांबतात, ड्रायव्हरांना पाय मोकळे करायचे असतात, समोर शटर उघडे असते.

भरकटलो. गाळ्यावर येतो. हा माझा अर्धा गाळा, शटर, कुलूप आणि आतल्या पांढऱ्या भिंतींसह, मी श्रीमती जनकाबाई जळबा खिल्लारे यांना देतो. फाट्यावर चहाचे हॉटेल चालवणाऱ्या जनकाबाई त्याच. रस्ता रुंद झाला की दरवेळी त्यांची टपरी उठवतात, त्या दहा पावले मागे सरकून पुन्हा चूल मांडतात. मी हिंडायला जातो तेव्हा गॅलरी त्याच उघडतात, आणि मी पुष्कळ वेळा जातो. ट्रकवाल्यांना त्या इतकेच सांगतात, "ह्याला हात लावायचा हाय, त्याला न्हाई. चहा बाहेर." माझ्या मते एवढे पुरते.

त्यांना विचारले तेव्हा हे बोलणे झाले.

"मला काहून देऊन राहिला रे बाबा? मला त्या चित्रातलं काय कळतं?"

"मावशी, शटर उघडता येतं का?"

"व्हय."

"मंग झालं."

"अन् तुझा भाऊ माझं डोकं खाईल त्याचं काय?"

"त्याला चहा पाजा. बिनसाखरेचा."

अर्ध्या जागेत त्यांनी हॉटेल लावावे, तिथून त्यांना कोणी उठवू शकणार नाही. उरलेल्या अर्ध्यात प्रदर्शने. वर्षातून निदान एक पलीकडच्या देशातले असावे, कोणता देश ते त्यांनी ठरवावे.

भिया म्हणेल, तांड्याबाहेर दिला. व्हय, दिला. याडी सोडली तर तांड्यातल्या एकानेही आजवर आत पाऊल टाकलेले नाही. उद्घाटनाला नायकांना, म्हणजे तांड्याच्या प्रमुखांना, बोलावले तर त्यांनी फाट्यापर्यंत येऊन गाडी वळवली. आणि एक गोष्ट भियाने ध्यानात घ्यावी. रजिस्टर वाटणीपत्र मी मागितले नव्हते, त्याने मागितले. भिंत मी घातली नाही, त्याने घातली. एकत्र ठेवले असते तर मला माझा हिस्सा असा सहज उचलून कोणाला देता आला नसता. त्याबद्दल भियाचे आभार.

कलम २. भिंत आणि भोक. दोन वर्षांमागे वाटणी झाली आणि भियाने गाळ्याच्या मधोमध नऊ इंची भिंत घातली. गवंडी बोलावला नाही. राग इतका होता की स्वतःच घातली, आणि ओळंब्यात, सुतासारखी सरळ घातली. त्याच महिन्यात माझ्याकडे खुलन्याच्या मारुफचे प्रदर्शन लागायचे होते. खुलना म्हणजे बांगलादेशात. त्याचे पार्सल वाटेत कुठेतरी अडकले, ते अजून अडकलेलेच आहे. मी व्हिडिओ कॉलवर त्याला रिकामी अर्धी खोली दाखवली, म्हटले, बघ, लावायला काही नाही आणि जागा पण निम्मी झाली. तो भिंतीकडेच बघत राहिला.

"ये दीवार किसका काम है?"

"मेरे भाई का."

"बहुत अच्छा काम है."

"काम नहीं है, झगड़ा है."

"वही तो," मारुफ म्हणाला.

त्याच्याही घरी काकाशी वाटणीची भिंत होती. ठरले असे की दोघांनी आपापल्या भिंतीला छातीच्या उंचीवर हात आणि हातातली वस्तू जाईल एवढे भोक पाडायचे, पलीकडून काही येते का बघायचे, आणि एकमेकांच्या भिंतीचा फोटो आपल्याकडे लावायचा. नाव 'दोन भिंती'. मी छन्नी-हातोडा घेतला. आवाजाने भिया धावत आला. (आम्ही घरात गोरमाटीत, म्हणजे तांड्याच्या बोलीत, भांडतो. इथे मराठीत उतरवले आहे, शिव्या वगळून.)

"माझ्या भिंतीला काहून भोक पाडून राहिला?"

"अर्धी जाडी माझी बी हाय."

"मंग अर्धंच पाड!"

मी पूर्ण पाडले. हट्टा गावच्या प्रज्ञेशने, जो आमच्या सगळ्या पाट्या रंगवतो, त्याने पाटी केली: 'भिंत: रामसिंग रतनसिंग आडे. भोक: प्रेमदास रतनसिंग आडे. कल्पना: मारुफ, खुलना.' भियाने पलीकडून भोकाला सिमेंटची गोणी लावली. ट्रकवाले हात घालायचे, गोणीला लागायचा, म्हणायचे, बराबर हाय, आमच्या घरी बी असंच हाय. एक दिवस भिया रस्त्यावर उभा राहून पाटी वाचताना दिसला. आत आला नाही.

दोनेक आठवड्यांनी गोणी नव्हती. भोकातून आवाज आला, "ड्रिल दे." वाटणीनंतर भांडण सोडून तो माझ्याशी बोललेला पहिला शब्द. मी दिली. परत आली ती बिट मोडून. पुढे पुजा वहिनीच्या हातची भाकरी यायला लागली, कोणी पाठवली ते कोणी बोलत नसे. तिकडे खुलन्यात काकाने भोक विटांनी बुजवून टाकले, मारुफने फोटो पाठवला आणि लिहिले, तुम्हारा भाई अच्छा आदमी है. मी लिहिले, उसको मत बोलना.

तर: भिंत पाडायची नाही. भोक बुजवायचे नाही. जनकाबाईंनीही नाही, भियानेही नाही. भोकातून मागितलेली वस्तू द्यायची, परत येवो न येवो.

कलम ३. हत्यारे. ड्रिल, लेव्हल, हुक आणि तारेची पेटी भोकाखाली फळी ठोकून तिच्यावर ठेवावी, दोन्ही बाजूंनी हात पोचेल अशी. नवीन बिट भियाने आणायची आहे.

कलम ४. याडीची कांचळी पुजा वहिनीला. तिने ती अंगात घालावी, पेटीत ठेवू नये. मोठ्या शहरातल्या ज्या साहेबांनी ती 'लोककलेचा नमुना' म्हणून मागितली आणि पाटीची गरज नाही म्हणाले, त्यांना काही देऊ नये. चहापण विकत घ्यायला लावावा.

कलम ५. ज्या बाईंनी पेपरात माझ्यावर लेख लिहिला त्यांनी मला फोटोसाठी बैलाशेजारी उभे केले होते. बैल आमचा नव्हता. आमच्याकडे बैल नाही. एवढी दुरुस्ती कोणीतरी छापून आणावी.

कलम ६. मोटारसायकल प्रज्ञेशला. ब्रेक दाबायच्या आधी हॉर्न वाजतो, ती तिची सवय आहे. या मृत्युपत्राप्रमाणे सगळे करून घेण्याचे कामही त्याच्याकडे देतो. तांड्यातल्या घरातला माझा हिस्सा भियाच्या लेकरांना. त्यांच्याशी माझे भांडण नाही.

कलम ७. माती तांड्याच्या रीतीने करावी, मला त्यात मत नाही. पण माझा हार घातलेला फोटो गॅलरीत लावू नये. तिथे लागायला काम करावे लागते, नुसते मरून चालत नाही. डोल्मादीदीचे नवीन प्रदर्शन मार्चमध्ये ठरले आहे, ते ठरल्या दिवशी उघडेल. मी असलो तर शटर मी उचलीन. नसलो तर जनकाबाई उचलतील. दुखवटा म्हणून पुढे ढकलल्यास मला अपमान वाटेल.

साक्षीदारांबद्दल: वकीलसाहेबांनी बजावले की ज्याला गाळा मिळतो त्याची साक्ष घेऊ नका. भियाला गाळ्यातले काही मिळत नाही. म्हणून साक्षीदार म्हणून तो बराबर बसतो. कागद आणि माझे पेन आत्ता भोकातून पलीकडे देतो. नाही म्हणाला तर जळबाकाका, जनकाबाईंचे मालक, यांचा भाऊ हॉटेलात बसला आहे, त्याची सही घेऊ.

हे सगळे मी लिहिले, वाचले, आणि यातला एकही शब्द मागे घेत नाही.

स्थळ: मुक्काम गॅलरी, वारंगा फाटा
दिनांक: ९ जानेवारी २०२६

सही: प्रेमदास रतनसिंग आडे

आमच्यासमोर सही झाली:

१) प्रज्ञेश, रा. हट्टा, ता. वसमत. सही. (याने पाटीच्या अक्षरात सही केली आहे, तरी ती सहीच समजावी.)

२) रामसिंग रतनसिंग आडे, रा. वारंगा फाटा. सही. (माझी सही त्याने भोकातून बघितली, स्वतःचीही तिथूनच केली. आधी पूर्ण कागद वाचला, वाचायला वेळ लावला. तांड्याबाहेरचे कलम दोनदा वाचले. मग म्हणाला, "भिंतीच्या पाटीवरचं माझं नाव काढायचं न्हाई, हे बी लिव्ह." लिहिले. नाव काढायचे नाही.)

वरचे कंसातले आणि हे शेवटचे जनकाबाईंच्या गल्ल्यातल्या पेनाने लिहीत आहे. माझे पेन पलीकडेच राहिले. मागितले तर भिया देत नाही. म्हणतो, "नांदेडहून आल्यावर घे."