उन्हाला नेलेलं बाळ

प्रिय आत्या,

तुम्ही गेलात तेव्हा आपल्या सासू-सुनेत बोलायचं काही उरलेलं नाही, असं मी समजत होते. आज दुपारी आपल्या जुन्या शेजारच्या पद्माक्का येऊन गेल्या आणि तो समज मोडला. म्हणून लिहायला बसले. थोडं भांडायचंही आहे.

आधी बातमी. आपल्या मुक्ताला मुलगी झाली. नाक तुमचं आहे, असं तुमचा मुलगा म्हणतो. इतक्या लहान नाकाचं काही सांगता येत नाही, पण मी हो म्हणाले. बाळंतीण माझ्याकडेच आहे, तुमच्या खोलीत.

बाळ दूध ओढत नाही. तोंड उघडतं, शोधतं, जरा ओढतं आणि रडायला लागतं. मुक्ता त्याच्याहून जास्त रडते. डॉक्टर म्हणतात, बाळ चांगलं आहे, पाजत राहा, येईल. बाळाला कसं धरायचं हे शिकवायला एक बाई घरी आल्या होत्या. त्यांनी कापडाच्या बाहुलीवर सगळं दाखवलं. तुम्ही असता तर पदर तोंडाला लावून हसला असता. "आता दूध पाजायचा बी क्लास निगाला व्हय?"

मी मात्र मुक्ताला धीर देत होते. माझ्या पद्धतीने. "अगं, मी तुला पहिल्यापासून अंगावर पाजलं. वरचा थेंब दिला नाही. तुलाही येईल." काल तिने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "आई, तू हे बोललीस की मला वाटतं माझ्यातच काहीतरी कमी आहे. बाटली आणा. संपवा एकदाचं."

मला तुमची फार आठवण आली.

माझे दिवस आठवतात तुम्हाला? पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं. माझी आई नव्हती. वडील अवघडून काही विचारायला आले, तर तुम्ही त्यांना वाक्य पुरं करू दिलं नाहीत. "आय न्हाय म्हणून काय झालं? हितंच हुईल." तेव्हा आपण शहराच्या पूर्व भागात, तेलुगू विणकरांच्या वस्तीत राहत होतो. दोन खोल्या, आणि भिंतीपलीकडे पद्माक्कांच्या नवऱ्याचा माग. दिवसभर खडखड. त्या खडखडीवरून तुम्ही पद्माक्कांशी अबोला धरला होता. नुसता अबोला नाही. "त्या घराचं पाणी बी पिणार न्हाय," असं गल्लीत उभं राहून सांगितलं होतं.

त्या खोलीचा वास अजून येतो. धुरी, शेपूची भाजी, बाजरीची गरम भाकरी आणि तिच्यावर ओतलेलं तूप. मी नको म्हटलं की तुम्ही ताट पुढे सरकवायचात. "तू खाल्लंस तर ती खाईल. तुला इचारलंय कुनी?"

आणि तो चीक! पहिलं दूध जड, बाळाला बाधतं, अशी तुमच्या अकलूजकडच्या घरातली रीत. दवाखान्यात नर्सची पाठ वळली की तुम्ही मला तो घट्ट पिवळा चीक वाटीत पिळायला लावायचात, वाटी मोरीत ओतायचात आणि बाळाला बोटाने मध चाटवायचात. मी शिकलेली होते. तरी पिळत होते. एकदा नर्सने पकडलं. "आजी, म्हशीच्या चिकाचा खरवस करून खाता, आणि लेकराचा चीक मोरीत?"

तुम्ही वाटी पदराआड केलीत आणि मान खाली घातलीत. तुम्हाला मान खाली घालताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

घरी आलो, तर बाळ ओढेना. मधाची गोडी लागलेली, आणि मला तर दूध आहे की नाही तेच कळेना. बघायला येणाऱ्या बायकांचा एकच प्रश्न असायचा, "दूध येतंय ना गं?" त्या मला विचारायच्या आणि दारातून उत्तर तुम्ही द्यायचात. "लई! लुगडं भिजतंय पोरीचं." माझं लुगडं कोरडं होतं. पण ऐकायला बरं वाटायचं.

सकाळी तुम्ही मुक्ताला दुपट्यात गुंडाळून बाहेर न्यायचात. "पिवळी दिसतिया. जरा कवळं ऊन दावून आणते." ऊन आपल्या अंगणातही पडायचं. मी विचारलं नाही. परत आणायचात तेव्हा ती ओठ चाटत गाढ झोपलेली असायची. माझ्या कुशीत ठेवून म्हणायचात, "बघ, तुझंच दूध अंगी लागलंय. आता उठली की परत घे. भ्यायचं न्हाय." मी भ्यायचं सोडलं. परत परत घेत राहिले. आणि मग एका दिवशी लुगडं खरंच भिजलं.

आज पद्माक्का बाळ बघायला आल्या. केस पांढरे झालेत, चालताना गुडघा धरतात. मी स्वयंपाकघरात त्यांना चहा दिला. बोलता बोलता मुक्ताचं सांगितलं, आणि माझं ते नेहमीचं वाक्यही. पहिल्यापासून अंगावर. वरचा थेंब नाही.

त्यांनी बशी खाली ठेवली. "सुनंदा, तिला असं नको सांगू."

"का?"

"खोटं आहे म्हणून. तुझी अत्तम्मा, तुझी सासू, पोरीला उन्हाला न्यायची ना? कुठं न्यायची? आमच्या घरात. आमच्या घरात कुठलं ऊन? माझा मधला तेव्हा अंगावर पीत होता. एकीकडे तो, एकीकडे तुझी मुक्ता. ती दचकायला नको म्हणून आमचे यजमान माग बंद ठेवायचे."

मी उभीच राहिले. "मला कधी बोलला नाहीत!"

"शपथ घातली होती तिनं. आता ती नाही. सुटली शपथ."

तुम्ही पहिल्या दिवशी काय म्हणालात, ते मी विचारलं. त्या म्हणाल्या, "जास्त काही नाही. दारात उभी राहिली. पोरगी पुढं केली. म्हणाली, चूक माजी हाय, सुनंची न्हाय."

आत्या, हे तुम्ही मला का सांगितलं नाहीत? बारशांना, डोहाळजेवणांना मी हे वाक्य ऐटीत सांगत आले. तुम्ही शेजारी बसून सुपारी कातरत असायचात. वर मान डोलवायचात, "व्हय, लई दूध हुतं हिला." जराही हसू येत नव्हतं? माझं दूध नक्की कधी आलं, बाळाची भूक कधीपासून माझ्यावर भागायला लागली, हे मला आता कधीच कळणार नाही. एवढी माझी स्वतःची गोष्ट, आणि ती ठाऊक होती तुम्हाला, मला नाही!

राग येतो. मग डोळ्यांपुढे ते दार येतं. ज्या घराचं पाणी पिणार नव्हता, तिथे दूध मागायला गेलात. वाट कितीशी होती? एक भिंत ओलांडायची. तुमचा स्वभाव मला माहीत आहे. फार लांब गेलात.

मुक्ताला सांगावं की नको? कप विसळता विसळता मी ते वाक्य मनात म्हणून पाहिलं. जड गेलं. आयुष्यभर मिरवलेली वस्तू कोणी सहज काढून देत नाही. मग पद्माक्कांना घेऊन आत गेले आणि सगळं सांगितलं. चीक, मध, ऊन, पद्माक्का.

ती ऐकत राहिली. "म्हणजे तुलाही लगेच आलं नव्हतं?"

"नाही."

"मग कधी आलं?"

"माहीत नाही. तुझ्या आजीने कळू दिलं नाही."

ती पद्माक्कांकडे वळली. "म्हणजे मी तेलुगू दुधावर वाढले?"

"मग!" पद्माक्का म्हणाल्या. "उगाच नाही तुला चिंचेचं एवढं वेड!"

मुक्ता हसली. बाळंतपणानंतर पहिल्यांदा. हसता हसता तिने स्वतःच बाळ उचललं. मी उशी सारखी करायला पुढे झाले, तर पद्माक्कांनी माझा हात धरला. "बस तू." मी बसले. बाळाने ओढलं, सोडलं, पुन्हा ओढलं. मग गिळल्याचा बारीक आवाज आला.

सगळं सुरळीत झालं, असं नाही. संध्याकाळी परत रडारड झाली. मुक्ताने थोडं दूध वाटीत काढलं, मी चमच्याने पाजलं. पण बाटलीचं नाव तिने काढलं नाही. "उद्या बघू," म्हणाली. कालपर्यंत तिला उद्या नव्हता.

आत्या, एक शब्द देते. ते वाक्य मी पुन्हा उच्चारणार नाही. बारशाला बायका जमतील, जुन्या गोष्टी निघतील, तेव्हा मुक्ताला कोणी कोणी पाजलं ते सांगेन. तुम्ही कोणाच्या दारात उभ्या राहिलात, तेही सांगेन. रागवा हवं तर. आणि पाळण्यात घालायच्या आधी तुमची पणती पद्माक्कांच्या मांडीवर देईन, सगळ्यांच्या देखत.

तुमची सून,
सुनंदा